एमबीएचा प्रोजेक्ट अडकलाय आणि हातात फक्त ४२ फॉर्म आहेत

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एचआर घेतलंय. उन्हाळ्यात चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आठ आठवडे इंटर्नशिप केली. विषय 'कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा अभ्यास'. ॲट्रिशनचे, म्हणजे किती जण नोकरी सोडून जातात त्याचे, आकडे कंपनीने दिले नाहीत. गूगल फॉर्म फिरवला, तो ४२ जणांनी भरला. गाइड म्हणतात, किमान १०० हवेत. मित्र म्हणतो, उरलेले ५८ आपणच बसून भरून टाकू. गणपतीनंतर रिपोर्ट जमा करायचाय, पाच आठवडे उरलेत. काय करू?

आधी तुमच्या मित्राचं बघू. ते ५८ फॉर्म भरू नका. मी प्रवचन देत नाहीये, ते ओळखू येतात म्हणून सांगते. मी अकरा वर्षं कारखान्यात एचआरमध्ये काढली आणि गेली चौदा वर्षं एमबीएच्या मुलांना प्रोजेक्टसाठी मार्गदर्शन करते. बनावट डेटाची शीट उघडली की दोन मिनिटांत वास येतो. सगळे फॉर्म एकाच रात्री अकरा ते एकच्या दरम्यान भरलेले असतात. कोणीही एकही प्रश्न रिकामा सोडलेला नसतो. 'आणखी काही सांगायचंय का' या रकान्यात पन्नास जणांपैकी एकानेही शिवी घातलेली नसते, की जेवणात मीठ कमी असतं अशी तक्रार केलेली नसते. शिवाय क्रॉनबाखचा अल्फा काढला की उरलंसुरलं उघड होतं. ली क्रॉनबाखने १९५१ मध्ये मांडलेलं हे माप एवढंच सांगतं, की एकाच गोष्टीबद्दल विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का. साधारण ०.७ च्या वर असेल तर ठीक मानतात. मनाला येईल तशा टिका मारल्या की प्रश्नांचा मेळच बसत नाही आणि अल्फा पार खाली घसरतो. प्रत्येक फॉर्ममध्ये सगळ्या प्रश्नांपुढे तीच टिक मारत गेलं तर तो १ च्या जवळ जाऊन बसतो. खऱ्या माणसांची उत्तरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, थोडी ओबडधोबड असतात.

आता १०० चं. हा आकडा कुठून येतो हे मी अनेक सहकाऱ्यांना विचारलंय. ठोस उत्तर मिळालं नाही. 'शंभर असले की बरं दिसतं' एवढंच. नमुना किती मोठा हवा, हे तो कितीजणांमधून घेतलाय यावरही अवलंबून असतं. तुम्ही ४२ म्हणालात, पण कितीपैकी ४२ ते सांगितलं नाहीत. आणि माझ्या अनुभवात हे न सांगणं हाच या प्रोजेक्टांचा मूळ आजार असतो.

हिशेब करून दाखवते. पाठ्यपुस्तकातलं ३८४ किंवा ३८५ तुम्ही पाहिलं असेल. १.९६ चा वर्ग, गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८४.१६. लोकसंख्या अफाट असेल आणि अंदाज ९५ टक्के खात्रीने पाच टक्क्यांच्या आत हवा असेल तेव्हा हा आकडा लागतो. पण समजा तुम्ही एकाच असेंब्ली विभागाचा अभ्यास करताय आणि तिथे कायम कामगार ६० आहेत. मग पाच टक्क्यांसाठी ५२ जण पुरतात. तुमच्या ४२ वर चूक साधारण आठ टक्के इकडेतिकडे होते. विभागाऐवजी ४०० जणांचा अख्खा कारखाना घेतलात तर? तिथे गाइडना हवे तसे १०० फॉर्म जमवूनही चूक साडेआठ टक्केच येते. म्हणजे ६० पैकी ४२ आणि ४०० पैकी १०० यांचं वजन जवळपास सारखंच. हे अर्ध्या पानावर लिहा आणि गाइडना दाखवा. नुसतं 'सर, शंभर नाही मिळत' म्हटलं की ते 'प्रयत्न करा' म्हणणार. हिशेब समोर ठेवला की बोलणं वेगळ्या वळणावर जातं.

अर्थात हा सगळा हिशेब माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तरच खरा. तुमचा फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. मग तो भरला कोणी? माझा अंदाज सांगते: स्टोअर्समधले दोघंतिघं, क्वालिटीवाले, अकाउंट्स, पर्चेस, एचआरमधली तुमची सीनियर आणि तिच्या मैत्रिणी. ज्यांच्यापुढे दिवसभर संगणक असतो ती माणसं. प्रेसशॉपमधला, पेंटशॉपमधला, कंत्राटी, ट्रेनी यातला कोणीही बहुधा नसणार. तसं असेल तर तुमच्याकडे 'कर्मचाऱ्यांचं समाधान' नाही, ऑफिस स्टाफचं समाधान आहे. मग तसंच म्हणा! शीर्षक बदलता येतं. मुलांना वाटतं की सिनॉप्सिसमध्ये लिहिलेलं शीर्षक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बहुतेक ठिकाणी गाइडच्या सहीने ते नेमकं करता येतं. विषय बदलणं वेगळं आणि विषयाला कुंपण घालणं वेगळं.

खरी अडचण इथेच आहे, म्हणून जरा थांबते. 'समाधानाचा अभ्यास' हा प्रश्नच नाही. त्याचं उत्तर काय येणार? '६८ टक्के समाधानी आहेत.' बरं, मग? ६८ आल्यावर कारखान्यातला कोण सोमवारी सकाळी येऊन काय वेगळं करणार आहे? प्रोजेक्टचा प्रश्न असा हवा, की त्याच्या उत्तरावर कोणा एका माणसाचा एक निर्णय अडलेला असेल.

माझ्या एका विद्यार्थ्याचं सांगते. तोही चाकणलाच होता आणि विषयही असाच गोल होता, 'एम्प्लॉयी एंगेजमेंट'. तीन आठवडे नुसता प्रेझेंटेशनं बघत बसला होता. मी म्हटलं, दुसरी पाळी सुटते तेव्हा गेटवर जाऊन उभा राहा. दोन रात्री उभा राहिला. तिसऱ्या दिवशी आला तो प्रश्न घेऊनच. पाळी सुटल्यावर कंपनीची बस मुलांना हायवेला सोडते, तिथून खोलीपर्यंत अंधारात अर्धा तास चालावं लागतं. नवे ट्रेनी पहिल्या तीन महिन्यांतच काम सोडतात, त्यात दुसऱ्या पाळीचे जास्त असतात असं सुपरवायझर म्हणतो. ते खरं आहे का? आणि कारण पगार आहे की बस? त्याने राहण्याच्या ठिकाणानुसार ट्रेनींचे दोन गट केले, कोण टिकलं आणि कोण गेलं ते मोजलं. माणसं होती जेमतेम ५५. पण वाहतुकीचं कंत्राट बघणाऱ्या मॅनेजरने तो रिपोर्ट मागून घेतला, कारण बसचा मार्ग पुढच्या महिन्यात ठरायचा होता. व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक त्याच्याशी पंचवीस मिनिटं बोलत बसले. इतरांना सात-आठ मिनिटं मिळाली.

तुम्ही आठ आठवडे तिथे होतात. तुमच्याही कानावर असं काहीतरी पडलेलं असणार. कँटीनमध्ये, बसमध्ये, कोणीतरी कुरकुरलं असेल. ते आठवा. तुमच्या ४२ फॉर्मांतले जे तीन-चार प्रश्न त्या कुरकुरीला भिडतात तेवढेच पुढे आणा. बाकीचे वीस प्रश्न परिशिष्टात गेले तरी चालतात.

आता कंपनीने आकडे न देण्याबद्दल. मी टेबलाच्या त्या बाजूला बसले आहे, म्हणून सांगते, तो माणूस दुष्ट नसतो. ॲट्रिशनचा आकडा बाहेर गेला की ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये प्रश्न येतात. कंत्राटी किती आणि कायम किती हे कागदावर आलं की कोणीतरी त्याचा वेगळा अर्थ काढतं. त्यात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून नावानिशी यादी द्यायला एचआरवाले जास्तच कचरतात. शिवाय विशीतली इंटर्न 'सर, डेटा द्या ना' म्हणते, तेव्हा नेमकं काय द्यायचं हे तिलाच माहीत नसतं. मग 'नाही' म्हणणं सोपं पडतं.

म्हणून मागणी लहान करा आणि लेखी करा. एका पानाचं पत्र: मला नावं नकोत, मूळ संख्या नकोत. एप्रिल महिना १०० धरून पुढच्या महिन्यांचं प्रमाण द्या. विभागांना अ, ब, क म्हणा. रिपोर्टमध्ये कंपनीचं नाव न घालता 'चाकण परिसरातील एक वाहन-सुटे भाग उत्पादक' असं लिहीन, आणि जमा करण्याआधी तुम्हाला दाखवीन. कॉलेजला प्रमाणपत्रापुरतं नाव लागतंच, पण आतल्या प्रकरणांत ते झाकता येतं का हे गाइडना विचारा. असं पत्र माझ्याकडे आलं असतं तर मी बहुतेक वेळा सही केली असती. आठवड्यात उत्तर आलं नाही तर मात्र त्याच्या मागे लागू नका. ॲट्रिशन सोडून द्या आणि आहे त्यावर बांधा.

फायनान्सच्या मुलांचंही हेच असतं, फक्त त्यांना ताळेबंद मिळत नाही. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये एका मुलीला नफातोटा पत्रक कोणी दाखवेना, पण येणे रकमांची वही मिळाली, दीड वर्षाची. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे देण्यासाठी जास्तीत जास्त ४५ दिवसांची मर्यादा आहे. तिने प्रत्येक ग्राहकाला प्रत्यक्षात किती दिवस लागले ते मोजलं आणि त्या उशिरापोटी मालकाला कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, किती व्याज भरावं लागलं ते काढलं. मालकाने तो आकडा पहिल्यांदाच पाहिला. एका वहीवर उभा राहिलेला प्रोजेक्ट होता तो.

परत तुमच्याकडे. ४२ फॉर्मांना जोड हवी, पण ती आणखी फॉर्मांची नको. गेटबाहेर चहाची टपरी असेलच. पाळी सुटल्यावर दहा-बारा जणांशी बोला, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं. शॉपमधून, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर काम करणाऱ्यांतून, जितके निवडाल तितकं चांगलं, कारण फॉर्ममध्ये तेच नाहीत. आधी सांगा की हे कॉलेजचं काम आहे, नाव लिहिणार नाही, नको वाटलं तर बोलू नका. मोबाइलवर रेकॉर्ड करू नका, माणूस लगेच आवळतो. घरी गेल्यावर त्याच रात्री लिहून काढा. दुसऱ्या दिवशी अर्धं विसरायला होतं.

टपरीवर बोला हे मी का म्हणते? कारखान्यात असताना मीच एकदा समाधानाचं सर्वेक्षण केलं होतं. ट्रेनिंग रूममध्ये पाळीपाळीने सगळ्यांना बसवलं. फॉर्म वाटले सुपरवायझरने, गोळाही त्यानेच केले. सरासरी आली पाचपैकी ४.६. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. दोन महिन्यांनी त्याच शॉपच्या लोकांनी कँटीनवर बहिष्कार टाकला, तीन दिवस कोणी जेवलं नाही. फॉर्मवर 'कँटीनची सोय चांगली आहे' या वाक्यापुढे बहुतेकांनी 'पूर्ण सहमत' केलं होतं. ते प्रश्नाचं उत्तर नव्हतंच. समोर उभ्या असलेल्या माणसाला दिलेलं उत्तर होतं ते.

भाषेचंही तसंच. तुमचे प्रश्न बहुधा इंग्रजीत होते, कुठल्यातरी तयार प्रश्नावलीतून घेतलेले. शॉपमध्ये लातूर-नांदेडकडची, यवतमाळकडची, उत्तर प्रदेश-बिहारची मुलं असतात. मराठी आणि हिंदी दोन्ही लागतं, आणि मराठी म्हणजे सरकारी पत्रकातली नव्हे. एका मुलीने 'आपल्या कार्याची यथोचित दखल घेतली जाते काय' असं विचारलं होतं. समोरचा म्हणाला, 'दखल म्हंजी?' बोलताबोलता त्यानेच सांगितलं की साहेब नावानं हाक मारतो तेव्हा बरं वाटतं, नाहीतर 'ए चार नंबर' म्हणतो, मशीनच्या नंबरवरून. तिने प्रश्न बदलला: तुमचा सुपरवायझर तुम्हाला नावाने हाक मारतो का? अख्ख्या प्रश्नावलीत सगळ्यात जास्त सांगून जाणारा प्रश्न तोच ठरला. तुमच्याकडे आणखी एक चूक असणार, 'पगार आणि सुविधा समाधानकारक आहेत' यासारखी. पगार बरा आणि सुविधा वाईट असतील तर माणसाने कुठे टिक करायची? असे जोडप्रश्न सरळ गाळा आणि का गाळले ते लिहा.

आकडेमोडीबद्दल थोडंच सांगते, कारण मुलं इथे गरजेपेक्षा जास्त घाबरतात. ४२ माणसं, चार वयोगट आणि पाच पर्याय घेऊन काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते बघणारी चाचणी) करू नका. वीस चौकटी होतात, प्रत्येकीत सरासरी दोन माणसं. चौकटीतली अपेक्षित संख्या पाचच्या खाली गेली की ती चाचणी भरवशाची राहत नाही, आणि एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर तक्त्याच्या खाली तसं लिहूनही देतं. ती तळटीप कापून तक्ता चिकटवलेले रिपोर्ट मी पाहिलेत. गट दोनच ठेवा, पर्याय 'सहमत' आणि 'इतर' असे दोन करा आणि फिशरची एक्झॅक्ट चाचणी लावा, ती लहान संख्यांवरही चालते. किंवा दोन गटांचे गुण ताडून बघायचे असतील तर मान-व्हिटनी चाचणी. आणि 'कंपनीचे कर्मचारी समाधानी आहेत' असलं गृहीतक कृपा करून लिहू नका. गृहीतकात दोन गोष्टींचा संबंध हवा. तसा संबंध तुमच्याकडे नसेल तर गृहीतकाविना वर्णनात्मक अभ्यास करायलाही परवानगी असते. कॉलेजच्या साच्यात तो रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असं नाही, गाइडना विचारून 'लागू नाही' लिहा.

दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वीच्या संशोधनाचा आढावा. साहित्यचोरीबाबत यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत: साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यायचं, त्याच्या वर गेलात तर गोष्टी गंभीर होतात. तुमच्या कॉलेजची स्वतःची मर्यादा काय आहे ते बघून घ्या. सगळ्यात जास्त साम्य सापडतं ते कंपनीच्या माहितीच्या प्रकरणात, कारण ते वेबसाइटवरून जसंच्या तसं उतरवलेलं असतं. ते बारा पानांचं दोन पानं करा, कोणी रडणार नाही. शोधगंगेवर प्रबंध वाचायला मिळतात, जरूर वाचा, पण परिच्छेद उचलू नका. आणि एआयकडून संदर्भांची यादी मागितली असेल तर त्यातला एकेक संदर्भ उघडून बघा. मागच्या वर्षी एका मुलाला मी म्हटलं, यादीतला सातवा लेख दाखव. लेख नव्हताच. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, लेख हवेतला! अठ्ठावीस खोट्या संदर्भांपेक्षा स्वतः वाचलेले आठ बरे. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, डेक्कनवर गोखले संस्थेचं ग्रंथालय आहे. एक अख्खा दिवस तिथे काढा.

गाइडबद्दल तुम्ही अर्धं वाक्य लिहिलंत, त्यातला वैताग कळला. एकेका गाइडकडे पंधरा-वीस मुलं असतात, वर लेक्चर आणि नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, कागदपत्रं. ७० पानांची फाइल मेल करून 'सर, एकदा बघा ना' म्हटलं की ती कधीच उघडली जात नाही, हे मी स्वतःवरून सांगते. एक पान न्या, त्यावर एकच प्रश्न आणि दोन पर्याय: 'विभाग ६० जणांचा धरून ४२ वर थांबू, की टपरीवरच्या मुलाखती जोडून शीर्षक बदलू?' उभ्याउभ्या उत्तर मिळतं. ते उत्तर त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा, 'आज ठरल्याप्रमाणे' असं म्हणून.

लिहिताना पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. प्रस्तावनेतच दोन आठवडे जातात. आधी तक्ते आणि त्यांच्याखाली काय दिसलं ते लिहा, मग पद्धत, मग शिफारशी, प्रस्तावना शेवटी. शिफारशीत 'कंपनीने पगार वाढवावा, प्रशिक्षण द्यावे, संवाद वाढवावा' असं लिहिणार असाल तर ते पान कोरं सोडलेलं बरं. कोणी करायचं, काय करायचं, अंदाजे खर्च किती, एवढं असलेली एकच शिफारस पुरते. मर्यादांच्या भागात 'वेळ कमी होता' हे सगळेच लिहितात. तुम्ही लिहा की फॉर्म भरणाऱ्यांत शॉपमधलं कोणी नव्हतं, ॲट्रिशनचे आकडे मागितले पण मिळाले नाहीत, म्हणून अमुक निष्कर्ष काढता येत नाही. मुलांना वाटतं याने गुण कापले जातात. मी परीक्षक असते तेव्हा वाढवते.

व्हायव्हात मी नेहमी दोन प्रश्न विचारते. कोणाचं उत्तर तुम्हाला मिळालं नाही? आणि तिथे जाण्याआधी तुम्हाला माहीत नव्हतं असं काय सापडलं? ५८ फॉर्म घरी बसून भरलेल्याला दुसऱ्याचं उत्तर देता येत नाही.

पाच आठवड्यांचं म्हणाल तर या आठवड्यात गाइडची भेट आणि कंपनीला पत्र, पुढच्या आठवड्यात टपरी, मग दोन आठवडे लिहिणं. शेवटचा आठवडा छपाईला, सह्यांना आणि साम्य तपासणीला ठेवा. बाइंडिंगवाल्याकडे शेवटच्या दोन दिवसांत रांग लागते आणि काळ्या कव्हरवरची सोनेरी अक्षरं घाईत चुकतात, मुलाचंच नाव चुकलेलं मी पाहिलंय. आणि कंपनीच्या लेटरहेडवरचं प्रमाणपत्र गणपतीच्या आधी हातात घ्या. चाकणचे निम्मे एचआरवाले त्या आठवड्यात गावी असतात, आणि शिक्का त्यांच्याच कपाटात कुलूपबंद असतो.